दोरीला बांधलेला चष्मा

जरा थांबा, आधी मला पुसून घ्या. शर्टाच्या टोकाने नको, त्याने चरे पडतात. टेबलाच्या खणात पिवळं फडकं आहे, ते घ्या. हां, आता कसं! आता बोलतो.

मी चष्मा. जवळचं वाचण्याचा, ज्याला सगळे चाळिशी म्हणतात तो. बस डेपोच्या मागच्या गल्लीत एक वाचनालय आहे. तिथे खिडकीखाली एक लांब टेबल आहे आणि त्या टेबलाच्या पायाला सुतळीने बांधलेला मी आहे. दावणीला गुरं बांधतात तसा. पहिली काही वर्षं मला याची फार लाज वाटायची. चष्म्याने कसं, एका नाकावर जन्म काढावा, एका खिशात झोपावं. इथे तर कुणीही यावं आणि मला चढवावं. सरळ नाकं, बसकी नाकं, घामट नाकं, सर्दीने गळणारी नाकं! नाकांवर मी एक ग्रंथ लिहू शकेन. पण आज सांगायचं आहे ते नाकांबद्दल नाही. एका माणसाबद्दल आहे, ज्याला स्वतःचं डोकं गेलंय असं आठ वर्षं वाटत होतं.

पण आधी माझ्याबद्दल. एवढा हक्क मला आहे.

माझा जन्म दोन खोल्यांच्या कारखान्यात झाला. एका खोलीत काचा घासत, दुसरीत फ्रेमला काड्या लावत. मला काड्या लावल्या त्या एका म्हाताऱ्या कारागिराने. साठी उलटलेली, पण हात असा स्थिर की मोहरीएवढा स्क्रू एका दमात बसवायचा. जेवणाच्या सुट्टीत तो मालकांच्या धाकट्या लेकीशेजारी फरशीवर मांडी घालून बसे आणि तिच्या पाटीत डोकं घाली. मला वाटे, म्हातारा पोरीला खेळवतोय. एका दुपारी त्याने मला हातात घेतलं, कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि माझ्या डाव्या काडीच्या आतल्या बाजूला सुईने काहीतरी खरवडलं. मला गुदगुल्या झाल्या.

काय खरवडलं ते मला कळलं नाही. साऱ्या जगाला अक्षरं दाखवणाऱ्याला स्वतःचं अंग कुठे दिसतं! बरं, मला घालणाऱ्याला मी दिसत नाही आणि मला काढून ठेवणाऱ्याला जवळचं काहीच दिसत नाही. तेव्हा ते खरवडलेलं तसंच राहिलं आणि पुढे मीही ते विसरलो.

माझे पहिले धनी छापखान्यात प्रूफं तपासायचे. छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधणं हेच त्यांचं काम. पन्नाशीला त्यांना मी लागलो. चुका शोधायची सवय इतकी अंगात मुरलेली की मला कपाळावर चढवून रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्याही तपासत आणि आत शिरून दुकानदाराला चूक सांगत. दोघातिघांनी त्यांना चहा पाजला, बाकीच्यांनी दार दाखवलं. काकांना दोन्हीचं सारखंच.

या काकांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी एका परक्या देशाची भाषा शिकायला घेतली. त्या देशात जायचा बेत नव्हता, तिथलं कुणी ओळखीचं नव्हतं. रोज सकाळी वही उघडून ती वाकडीतिकडी अक्षरं गिरवत बसायचे. काकू आतून ओरडायच्या, "आता या वयात शिकून काय दिवे लावायचेत? कुठली परीक्षा आहे का?"

"परीक्षा नाही म्हणून तर मजा आहे," काका म्हणायचे. "चुकलो तरी छडी नाही."

बारा वर्षं मी त्या नाकावर काढली. मग एक दिवस काकांना माझ्यातूनही अक्षरं पुसट दिसायला लागली. नंबर वाढला. नवा चष्मा आला, जाड काचांचा, सोनेरी कडेचा, आणि माझी रवानगी खणात झाली. बटणं, तुटकी किल्ली आणि सुकलेलं शाईपेन यांच्या शेजारी. तेव्हा मला काय वाटलं ते विचारू नका. कामापुरता मामा, दुसरं काय! खणाच्या फटीतून त्या सोनेरी कडेवाल्याचं चमकणं दिसायचं आणि माझा जळफळाट व्हायचा. मी मनाशी ठरवलं की माणसाची जातच कृतघ्न.

पुढे एका सकाळी काका वहीत अर्धं वाक्य लिहून पाणी प्यायला उठले, ते परत वहीपाशी आले नाहीत. काकूंनी सोनेरी कडेचा चष्मा स्वतःजवळ ठेवला. काकांच्या त्या परक्या भाषेचा शब्दकोश आणि मी, दोघं पिशवीतून वाचनालयात आलो. टेबलावर आम्हाला ठेवताना काकू म्हणाल्या, "कोश जाड आहे, कुणी नेणार नाही. याला मात्र सांभाळा."

वाचनालय सांभाळणाऱ्या बाईंनी ते फारच मनावर घेतलं. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याची सुतळी काढली आणि मला बांधून टाकलं. वर पुठ्ठ्यावर लिहिलं: चष्मा घरी नेऊ नये. बाई नियमांच्या पक्क्या. वाचनालयात कुणी शिंकलं तरी मान वर करून बघायच्या. पण त्यांचा एक नियम मला आवडायचा. जो कोणी मला वापरेल, त्याने जाताना बाईंपाशी थांबून आज वाचलेली एक नवी गोष्ट सांगायची. लहान असो, मोठी असो. "आज काय वाचलंत?" त्या विचारायच्या आणि माणूस दाराशी अडायचा.

कुणी सांगायचं, घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत, म्हणून ते अख्खी मान फिरवतं. कुणी सांगायचं, विमानाच्या चाकांत साधी हवा भरत नाहीत. एका न्हाव्याने एकदा सांगितलं की माणूस मेल्यावरही केस वाढतात हे झूठ आहे. इतकी वर्षं तो गिऱ्हाइकांना उलटंच सांगत आला होता. आता काय करू, असं तो बाईंनाच विचारत बसला. त्याला बाई म्हणाल्या, "एकेकाला बोलावून सांगा." आणि त्याने खरंच काहींना सांगितलं म्हणे.

अशा त्या वाचनालयात एका दुपारी गरुड आला.

खरं नाव कुणी घ्यायचं नाही. डेपोत सगळे त्याला गरुडच म्हणत, कारण लांबच्या वळणावरून येणाऱ्या बसचा नंबर तो ती वळायच्या आत सांगायचा. अठ्ठेचाळीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, बोलायला कमी. सकाळची फेरी आणि संध्याकाळची फेरी यांच्यामध्ये त्याला चार तासांची सुट्टी असे. डेपोच्या आरामखोलीत पत्त्यांचा गोंधळ, म्हणून तो वाचनालयात यायचा. वाचायला नव्हे हो, झोपायला! आमच्याकडे पंखा चांगला होता. वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचं आणि पाच मिनिटांत घोरायचं.

महिनाभर बाईंनी सहन केलं. मग त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. झोप लागायच्या आधी गरुड वर्तमानपत्र हात ताणून लांब धरायचा. मान मागे घ्यायचा. डोळे बारीक करायचा. मग कंटाळून डोळे मिटायचा.

एके दिवशी बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "अहो गरुड, हात अजून किती लांब करणार? पेपर खिडकीबाहेर जाईल."

गरुड ओशाळला. "बाई, तुमच्यापासून काय लपवायचं. मला वाचता येत नाही आता. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, पण सगळं विसरलो. अक्षरं जुळतच नाहीत. डोकं गंजलंय."

"डोकं नाही, डोळे असतील."

"डोळे?" गरुडाला राग आला. "दरवर्षी डॉक्टर तपासतो आमचे डोळे. वीस फुटांवर तक्ता लावतो. अगदी खालची ओळ, मुंगीएवढी अक्षरं, मी घडाघडा वाचतो. शिक्का मारून देतो तो. डोळे ठणठणीत आहेत माझे. डोकंच गेलंय."

आता बघा, चूक कशी पिढ्यान्‌पिढ्या पिकते ती. ड्रायव्हरचे डोळे तपासायचे ते लांबचे. त्याच्या कामाला लांबचंच लागतं. जवळचं कुणी विचारत नाही आणि त्याला लागतही नाही. चाळिशीनंतर पुस्तक धूसर झालं, की बिचारा हिशोब मांडतो: डोळ्यांवर तर शिक्का आहे, मग उरलं काय? डोकं! आणि एकदा डोकं गेलं म्हटल्यावर माणूस शिकायचं सोडून देतो. गरुडाने आठ वर्षांपूर्वीच सोडलं होतं.

बाईंनी त्याला हाताला धरून माझ्या टेबलापाशी आणलं. "घाला हा."

"मला नको. मी ड्रायव्हर आहे."

"पाच मिनिटं ड्रायव्हर नाही असं समजा."

गरुडाने मला असं उचललं, जसा काही मी विंचूच आहे. नाकावर ठेवलं. मोठं, रुंद, उन्हाने रापलेलं नाक. समोर वर्तमानपत्र होतं. मी माझं काम केलं.

तो हलला नाही. मग त्याचे ओठ हलायला लागले. बातमी वाचली, जाहिरात वाचली, खाली बारीक अक्षरांत छापखान्याचा पत्ता असतो तोही वाचला. मग त्याने खिशातून एक घडी घातलेलं पत्र काढलं. त्याची लेक दूरच्या शहरात परिचारिका म्हणून लागली होती, तिचं पत्र. पत्रं घरी बायको वाचून दाखवायची. हे पत्रही तिने आदल्या दिवशी वाचून दाखवलं होतं. आता तो ते स्वतः वाचायला लागला आणि मधेच थांबला. एक परिच्छेद त्याने ऐकलेलाच नव्हता. बायकोने तो गाळला होता.

लेकीने आईला लिहिलं होतं: "इथे रात्रंदिवस नवं शिकावं लागतं. कधीकधी बाबांची आठवण येते आणि रागही येतो. शाळेत असताना मी वही दाखवायला न्यायचे, तर ते नुसतं छान म्हणायचे. एकदाही वाचली नाही. मला वाटायचं, माझ्या शिकण्याचं त्यांना काही नाही."

गरुड रडला असं मी म्हणणार नाही. डेपोतल्या माणसाची इभ्रत असते. पण माझ्या काचा आतल्या बाजूने ओल्या झाल्या, एवढं खरं.

दाराशी बाईंनी विचारलं, "आज काय वाचलंत?"

"डोकं ठीक आहे माझं," गरुड म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला.

त्यानंतर तो रोज यायला लागला आणि पंख्याखाली न बसता माझ्यापाशी बसायला लागला. त्यामागे आणखी एक कारण होतं. त्याचा डावा गुडघा क्लच दाबून दाबून निकामी होत चालला होता. डॉक्टरने बस चालवायला शेवटचे सहा महिने दिले होते. त्यानंतर दोनच वाटा. लेखी परीक्षा देऊन नव्या ड्रायव्हरांना शिकवायची जागा मिळवायची, नाहीतर डेपोच्या फाटकावर खुर्ची टाकून बसायचं. परीक्षेत रस्त्याचे नियम होते, इंजिन होतं, अपघातात काय करायचं ते होतं. गरुडाला ते सगळं हातांना येत होतं, कागदावर येत नव्हतं.

"स्वतःचा चष्मा का करून घेत नाही?" बाईंनी एकदा विचारलं.

"डेपोसमोर एकच चष्म्याचं दुकान आहे बाई. मी आत शिरलो की संध्याकाळपर्यंत साऱ्या डेपोत बोभाटा होईल. गरुडाचे डोळे गेले म्हणतील. उद्या मला चाकावर बसू देतील का? इथे मला कुणी बघत नाही, तेवढं पुरे."

मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आपला उपयोग आहे, पण आपली लाज आहे.

तरी ते पाच महिने माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस. दुपारचं ऊन टेबलावरून सरकायचं, पंखा कुरकुरायचा आणि गरुड बोट फिरवत वाचायचा. एखादी गोष्ट कळली की टेबलावर अशी थाप मारायचा की शेजारचा म्हातारा दचकायचा. "अरे, म्हणजे उतारावर गिअर बदलू नको असं वस्ताद सांगायचे, त्याचं कारण हे आहे होय! तीस वर्षं मी नुसतं ऐकलं." बाई 'शू' करायच्या आणि खुर्चीत वळून हसायच्या. मी ते पाहायचो.

परीक्षेच्या सकाळी गरुड आला तो तोंड पाडून. डोळ्यांसमोर मी नसलो, तर पेपर कसा वाचणार? आणि मी असलो, तर सगळ्यांसमोर घालणार कसा? बाई खाली वाकल्या आणि टेबलाच्या पायाची गाठ सोडायला लागल्या. इतक्या वर्षांची गाठ, नखाने सुटेना, शेवटी दातांनी सोडली. तो पुठ्ठा वर तसाच होता: चष्मा घरी नेऊ नये.

"घरी नाही नेत तुम्ही," बाई स्वतःलाच समजावत म्हणाल्या. "पाचच्या आत परत. आणि घालायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा."

परीक्षा डेपोच्या कँटीनमध्ये होती. अकरा ड्रायव्हर, सगळे गरुडाच्या वयाचे, लांब बाकांवर अंतर ठेवून बसलेले. समोर साहेब, त्यांच्या नाकावर माझाच एक दूरचा भाऊबंद. मी गरुडाच्या खिशात. प्रश्नपत्रिका वाटल्या. गरुडाने ती हात ताणून धरली, मान मागे घेतली. घड्याळाची टकटक मला कापडातून ऐकू येत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अरे घाल की, मी म्हणत होतो. गुडघा गेला, आता लाज कशाला सांभाळतोस?

पंधराव्या मिनिटाला त्याने मला काढलं आणि नाकावर चढवलं.

"अरे, गरुडाला चाळिशी लागली!" कुणीतरी म्हणालं आणि बाकांवर हशा पिकला. गरुडाचे कान लाल झाले. पण पेन चालायला लागलं आणि थांबेना. हळूहळू हशा विरला. बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरून एक घोगरा आवाज आला. तो पैलवान होता, गरुडाचा तीस वर्षांचा सोबती, अंगाने दोन माणसांएवढा.

"गरुडा. ए गरुडा. तुझं झालं की मला दे रे."

साहेब ताडकन उठले. "काय मागतोयस? पेपर हिसकावून घेईन!"

पैलवान उभा राहिला, लहान मुलासारखा. "उत्तर नाही मागत साहेब. चष्मा मागतोय. मला मघापासून एक अक्षर दिसत नाहीये."

साहेबांनी विचारलं, "अजून कुणाला दिसत नाही?" आधी कुणी हललं नाही. मग एक हात वर झाला. मग दुसरा. मग तिसऱ्या बाकावरचे दोन एकदम. अकरातले सात हात! सगळ्यांच्या खिशात डॉक्टरचे शिक्के आणि सगळ्यांना वाटत होतं, आपलंच डोकं गेलंय.

साहेबांनी स्वतःचा चष्मा काढून पहिल्या बाकावर दिला आणि अर्धा तास वाढवून दिला. पण एकूण चष्मे दोनच. गरुडाने पैलवानाकडे पाहिलं. त्याचे शेवटचे दोन प्रश्न राहिले होते, मोठे, प्रत्येकी दहा गुणांचे. मला ते माहीत होतं, मी वाचले होते ना! तरी त्याने मला काढलं, सदऱ्याला पुसलं आणि मागे दिलं. मी ओरडलो असतो. पैलवानाच्या नाकावर बसून मी त्याचा पेपर पाहत होतो, पण माझं सगळं लक्ष पुढे, हात बांधून बसलेल्या त्या रुंद पाठीकडे होतं. पैलवानाकडून मी आणखी दोघांकडे गेलो. गरुडाकडे परत आलो तेव्हा घंटा झाली होती.

पाचला पाच कमी असताना त्याने मला बाईंच्या हातात दिलं.

"आज काय वाचलंत?"

"प्रश्नपत्रिका. शेवटचे दोन सोडून."

निकालात पैलवान पास झाला. गरुड चार गुणांनी राहिला.

बाईंनी मला पुन्हा बांधलं, पण त्या दिवशी त्यांच्याने गाठ नीट बसवेना. गरुड फाटकावर बसायला लागला. येणाऱ्याजाणाऱ्या बसचे नंबर वहीत लिहायचे, एवढंच काम. ज्या बस त्याने चालवल्या, त्या दुसरे चालवत आणि तो बाजूला होऊन फाटक उघडे. मला वाटलं, आता हा माणूस वाचनालयात फिरकायचा नाही.

तो दुसऱ्याच दिवशी आला. इंजिनाचं पुस्तक बाजूला सारून बाईंना म्हणाला, "पुढची परीक्षा सहा महिन्यांनी आहे. तोवर मला दुसरं काहीतरी द्या. आकाशाबद्दल आहे का? पहिली गाडी काढायचो तेव्हा पुलावर समोर एक ठळक तारा असायचा. कधी महिनोन्‌महिने गायब व्हायचा. मला वाटायचं, मीच नीट बघत नाही."

आठवड्याने त्याने टेबलावर थाप मारली. तो तारा नव्हताच, ग्रह होता! "तीस वर्षं ओळख, आणि जातच माहीत नव्हती!" तो दाराशी बाईंना सांगत होता आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मला एकदम प्रूफवाले काका आठवले. परीक्षा नाही म्हणून तर मजा आहे.

त्याच दिवसांत त्याने लेकीला पत्र लिहिलं. माझ्यातून, माझ्या टेबलावर, तीन दुपारी खपून. सगळं लिहिलं. डोकं आणि डोळे यांची गफलत लिहिली. शेवटी लिहिलं, "तुझ्या वह्या मी वाचल्या नाहीत, कारण मला दिसत नव्हतं आणि सांगायची लाज वाटत होती. असतील तर घेऊन ये."

ती रजेवर आली तेव्हा खरंच आठवीची एक वही घेऊन वाचनालयात आली. बाप मला घालून पान उलटत होता आणि लेक शेजारी श्वास रोखून बसली होती. निम्म्या वहीत त्याने बोट ठेवलं. "हे गणित चुकलंय तुझं."

तिने वाकून पाहिलं. "बाबा, इतक्या वर्षांनी?"

"बघितलंच आत्ता, त्याला काय करू?"

ती हसायला लागली, हसता हसता बापाच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. बाई 'शू' करायला उठल्या होत्या, त्या तशाच परत बसल्या.

पुढच्या परीक्षेला गरुड स्वतःचा चष्मा घालून गेला, डेपोसमोरच्याच दुकानातून भर दुपारी करून घेतलेला. पास झाला. पुढची दहा वर्षं त्याने नव्याजुन्या ड्रायव्हरांना शिकवलं. चाळिशीपुढचा कुणी शिकाऊ म्हणाला, की साहेब, आता डोक्यात शिरत नाही, तर गरुड त्याच्याशी वाद घालायचा नाही. त्याला धरून वाचनालयात आणायचा आणि मला त्याच्या नाकावर ठेवायचा. "वाच." मग त्या माणसाचे ओठ हलायला लागत. असे किती चेहरे मी इतक्या जवळून पाहिले! दोरीची लाज तेव्हाच गळून पडली. एका नाकावर राहिलो असतो, तर हे कुठून दिसलं असतं?

आता दिवस बदललेत. बाई केव्हाच निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. लोक फोनवरची अक्षरं बोटांनी मोठी करतात. माझी दोरी तीनदा बदलली, उजव्या काचेला चरा आहे, डावी काडी लटलटते. कधीकधी आठवडा आठवडा कुणी हात लावत नाही.

परवा गरुड आला. सत्तरी ओलांडलेली, हातात काठी. नेहमीसारखा माझ्यापाशी बसला, स्वतःचा चष्मा खिशात ठेवून मला घातलं आणि वर्तमानपत्र उघडलं. त्याचा हात हळूहळू लांब गेला. मान मागे गेली. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण अक्षरं पुसटच राहिली.

"नाही रे दोस्ता," तो हसून म्हणाला. "तुझ्याने नाही व्हायचं आता."

मला तो खण आठवला, बटणं आणि तुटकी किल्ली आठवली. पण या वेळी जळफळाट झाला नाही. माझ्यापासून सुरुवात केलेला माणूस माझ्या पलीकडे गेला होता. डॉक्टर म्हणतील, नंबर वयाने वाढतो. म्हणू देत. काकांवर उगाच रागावलो होतो मी इतकी वर्षं.

गरुडाने स्वतःचा जाड चष्मा चढवला, खिशातून छोटा पेचकस काढला आणि माझी लटलटणारी काडी आवळायला घेतली. मग थांबला. काडी डोळ्यांजवळ नेली.

"बाई, इकडे या. यावर काहीतरी कोरलंय." त्याने सावकाश वाचलं. "अ. आ. इ. पुढे ई काढायला घेतलाय, तो अर्ध्यावर सोडलाय."

नव्या बाई वाकल्या. "कुणा लहान पोराने खरवडलं असेल, काका."

गरुडाने त्यावरून अंगठा फिरवला. "पोराचं काम नाही हे. सुईने इतकी बारीक रेघ पोराला जमत नाही. हात मुरलेला आहे. अक्षरं नवी आहेत."

मला तो कारखाना आठवला. फरशी, पाटी, त्या पाटीत घातलेलं पांढरं डोकं. म्हातारा पोरीला खेळवत नव्हता. साठीत तो शिकत होता आणि आज काय शिकलो ते कुणाला तरी सांगावं, म्हणून त्याने मला सांगितलं होतं. मी ते अंगावर घेऊन इतकी वर्षं फिरलो आणि मलाच ठाऊक नव्हतं.

गरुड काठी टेकत दाराशी गेला. नव्या बाईंनीही तो जुना नियम सोडलेला नाही. "काका, आज काय वाचलंत?"

"आज?" गरुडाने वळून माझ्याकडे पाहिलं. "आज चष्मा वाचला."

एवढंच सांगायचं होतं. तुमच्या घरी कुणी पेपर हात ताणून धरत असेल, आता या वयात डोकं चालत नाही म्हणत असेल, तर त्याच्याशी भांडू नका, त्याला इकडे घेऊन या. काडी आता घट्ट आहे, एक काच अजून स्वच्छ आहे. मला पिवळ्या फडक्याने पुसा, त्याच्या नाकावर ठेवा, आणि जाताना दोघंही बाईंना काय वाचलंत ते सांगून जा.